मोठ्यांमधली टंग-टाय: ओळखायची कशी, सोडवायची कधी

"बोलायला लागला की होईल नीट" असं म्हणून लहानपणी सोडून दिलेली टंग-टाय, म्हणजे जिभेखालच्या पट्टीने जीभ जखडलेली असणं, मोठेपणी कळते ती बहुधा भलत्याच निमित्ताने. खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी उतरली म्हणून कुणी दातांच्या डॉक्टरकडे जातं, कुणाची नवी खालची कवळी बोलताना सारखी उचलली जाते. शिक्षक, निवेदक, कीर्तनकार, रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी पूजा सांगणारे गुरुजी यांचं तर वाणीवरच पोट असतं. त्यांना घाईने बोलताना 'ळ' आणि 'र' निसटायला लागले की शंका येते.

जीभ वर उचलून आरशात पाहिलं की मधोमध एक उभी पट्टी दिसते. ती प्रत्येकालाच असते. दंतवैद्य तिला फ्रेनम म्हणतात. पट्टी असणं, ती जाड असणं किंवा जीभ बाहेर काढल्यावर टोकाला खाच पडून बदामाचा आकार दिसणं, एवढ्यावरून उपचार ठरत नाहीत. जीभ आपली कामं करू शकते का, यावरून ठरतात. दिसायला भीतीदायक पट्टी असलेली कितीतरी माणसं स्वच्छ बोलतात आणि व्यवस्थित जेवतात. त्यांनी काही करायची गरज नाही.

ही पट्टी सुटी दोरी नसते. तोंडाच्या तळाला जो पातळ, चिवट पापुद्रा असतो, त्याचीच जीभ उचलल्यावर पडणारी ती घडी आहे. तिच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना लाळेच्या नलिकांची तोंडं आहेत, शेजारून निळसर शिरा जातात आणि जिभेला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्याही जवळच, फारशा खोल नसतात. म्हणून घरी ब्लेडने किंवा नखाने "थोडंसं कापून बघणं" हा वेडेपणा आहे. तो कुणीही करू नये.

आधी दुसरी कारणं वगळा

टंग-टाय जन्मापासून असते. "पूर्वी जीभ सहज बाहेर यायची, वर्षभरात यायची बंद झाली" असं असेल तर ती टंग-टाय नाही, दुसरं काहीतरी आहे आणि ते जास्त गंभीर असू शकतं.

आपल्याकडे या यादीत पहिला क्रमांक सुपारीचा. गुटखा, मावा, सुगंधी सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडातलं अस्तर हळूहळू पांढुरकं आणि ताठ होतं. तिखट सोसत नाही, गालात कडक पट्टे हाताला लागतात, तोंड कमी उघडतं आणि जीभही आखडते. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी खाणारे संपलेले नाहीत. अशा तोंडात जिभेखालची पट्टी कापून काहीही साधत नाही. सुपारी पूर्ण बंद करणं आणि तोंडाची नियमित तपासणी, उपचार इथून सुरू होतात.

जिभेवर किंवा जिभेखाली तीन आठवडे न भरलेला व्रण, गाठ किंवा कडक जागा असेल तर आधी ओरल सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. जीभ बाहेर काढताना एका बाजूला वळत असेल तर मज्जातंतूचा प्रश्न असू शकतो. बोलणं अचानक जड झालं, सोबत तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजा आणि मिनिटभरही वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मोजपट्टीने मोजा

अंदाजाने "माझी जीभ वर जात नाही" म्हणण्यापेक्षा पाच मिनिटं काढून मोजा. आरसा, मोबाइलची बॅटरी आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली स्वच्छ पट्टी पुरे. पट्टीचा शून्य कडेपासूनच सुरू होतो का ते पाहून घ्या. बऱ्याच प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना कडेला चार-पाच मिलिमीटर कोरी जागा असते आणि सगळं माप तिथेच चुकतं. अशी पट्टी असेल तर कोरी जागा कापून टाका.

खुर्चीत ताठ बसा, मान सरळ ठेवा. दुखणार नाही इतकं तोंड जास्तीत जास्त उघडा आणि वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मोठ्या माणसात ते साधारण ४० ते ५० मिलिमीटर भरतं. आता वरच्या पुढच्या दोन दातांच्या अगदी मागे, टाळ्यावर एक बारीक उंचवटा जिभेला लागतो, त्यावर जिभेचं टोक टेकवा. टोक तिथून न हलवता तोंड जमेल तितकं उघडा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या मापाला पहिल्याने भागून शंभरने गुणा.

समजा पहिलं माप ४६ आणि दुसरं २०, तर उत्तर साधारण ४३ टक्के. मोठ्या माणसांसाठी २०१७ मध्ये मांडलेल्या श्रेणीनुसार ८० टक्क्यांच्या वर असेल तर हालचाल उत्तम, ५० ते ८० सर्वसाधारण, ५० च्या खाली मर्यादित आणि २५ च्या खाली फारच मर्यादित.

हे माप तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा. चुका ठरलेल्या आहेत. मान मागे टाकली की जबडा जास्त उघडतो. जिभेचं टोक उंचवट्यावरून घसरून दातांवर येतं आणि आकडा फुगतो. काहीजण हनुवटीखालचे स्नायू आवळून तोंडाचा सगळा तळच वर उचलतात. मोजताना हनुवटीखाली बोट ठेवा, तिथे कडकपणा लागला तर जीभ एकटी वर जात नाही, तिला तळाचा रेटा लागतो आहे, असं समजा.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच. पहिलं मापच ३५ च्या खाली असेल, म्हणजे स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून दातांमध्ये मावत नसतील, तर टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. सुपारीने आखडलेल्या तोंडात दोन्ही मापं सारखीच कमी येतात आणि टक्के छान दिसतात. तिथे जबड्याच्या सांध्याची आणि अस्तराची तपासणी हवी.

टोक पोचतं, पण जिभेचा मागचा भाग टाळ्याला चिकटत नाही, अशीही एक तक्रार असते. संपूर्ण जीभ टाळ्याला चोखून धरा आणि तोंड उघडा. जीभ लगेच 'टक्' करून सुटत असेल तर मागचा भाग कमजोर किंवा अडकलेला आहे. यातला कमजोरपणा कुठला आणि अडकणं कुठलं, हे व्यायामाशिवाय कळत नाही. केवळ मागच्या अडकण्यावरून शस्त्रक्रिया करावी का, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही.

उच्चार तपासताना

मराठीत जिभेचं टोक वर, मागे वळवून म्हणायची अक्षरं भरपूर आहेत: ट, ठ, ड, ढ, ण, ळ. त्याखेरीज टाळ्याच्या पुढच्या भागाला लागणारे ल आणि र. टंग-टायचा ताण पडतो तो यांच्यावर. प, ब, म ओठांनी आणि क, ग घशाजवळ होतात, ते बिघडत नाहीत. तेही अस्पष्ट असतील तर कारण दुसरीकडे शोधा.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. आधी हळू, मग नेहमीच्या वेगाने, मग घाईने: "वाळलेल्या नारळाची करवंटी उलटी ठेव", "मळ्यातल्या केळीला काळे डाग पडले", "कोण आणणार लोणी?" हळू म्हणताना सगळं नीट आणि घाईत 'ळ' चा 'ल', 'र' चा 'ल' होत असेल, किंवा दहा मिनिटं मोठ्याने वाचल्यावर जीभ आणि हनुवटीखालचा भाग थकत असेल, तर शंकेला जागा आहे. पुढे आरशासमोर तेच म्हणा. प्रत्येक 'ळ' ला जबडा वर येऊन जिभेला टेकू देतो आहे का ते पाहा. बरेचजण वर्षानुवर्षं जबड्याने हे काम चालवतात आणि ऐकणाऱ्याला काही कळतही नाही.

इथे एक खबरदारी. बागलाण, कळवण, मालेगावकडे अहिराणी बोलणारी माणसं 'डोळा'ला 'डोया' म्हणतात, 'काळा'ला 'काया'. कुणी 'पाणी'ला 'पानी' म्हणतं. ही त्यांची बोली आहे, जिभेचा दोष नाही, आणि कुठल्याही डॉक्टरने ती दुरुस्त करायला जाऊ नये. त्याच माणसाला सुटा 'ळ' म्हणायला सांगा. जमला तर तो उच्चार बोलीचाच समजा.

बोलण्यापेक्षा जेवणातल्या खुणा अनेकदा जास्त खऱ्या ठरतात. भाकरीचा कण वरच्या दाढेबाहेर, गालात अडकला तर जिभेने काढता येतो का, की बोट घालावं लागतं? वरचा ओठ जिभेने चाटता येतो का? ओठांचे दोन्ही कोपरे? जीभ बाहेर काढताना खालच्या दातांच्या कडेने पट्टी कापली जाऊन तिथे सारखी जखम होते का? दातांच्या डॉक्टरांना तीन गोष्टी मुद्दाम पाहायला सांगा: खालच्या पुढच्या दातांमागे दगड (कडक किटण) लवकर साचतो का, तिथली हिरडी ओढली जाऊन उतरली आहे का, आणि त्या दातांमध्ये फट आहे का. कवळी करायची असेल तर हे आधीच पाहायला हवं. पट्टी हिरडीच्या कडेजवळ चिकटलेली असेल तर खालची कवळी बसत नाही, कितीही वेळा घासून आणली तरी.

मानदुखी, डोकेदुखी, घोरणं, झोपेत श्वास अडकणं, कुबड असं बरंच काही हल्ली टंग-टायच्या माथी मारलं जातं. यासाठी शस्त्रक्रियेचा उपयोग होतो असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. घोरताना श्वास थांबत असेल तर झोपेची तपासणी करा. जीभ मोकळी केल्याने ते बरं होईल या आशेवर बसणं धोक्याचं आहे.

आधी व्यायाम, मग ठरवा

मोठ्या माणसाच्या जिभेला वीस-तीस वर्षांच्या सवयी असतात. पट्टी सुटली म्हणून त्या सुटत नाहीत. म्हणून किमान चार आठवडे स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करावा. निम्म्याहून कमी टक्केवारीवालेही यात थोडेफार सुधारतात, काहींना पुढे काही करावंसं वाटत नाही, आणि ज्यांना शस्त्रक्रिया लागते त्यांची जीभ ती झाल्यावर काय करायचं ते आधीच शिकलेली असते.

दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं, आरशासमोर:

टोक टाळ्यावरच्या उंचवट्यावर टेकवून तोंड उघडा, पाच सेकंद धरा, दहा वेळा. जबडा स्थिर ठेवून जीभ ओठांच्या उजव्या-डाव्या कोपऱ्याला आळीपाळीने लावा, दहा-दहा वेळा. बैल हाकताना काढतात तसा टाळ्यावरून 'टॉक' आवाज काढा, वीस वेळा. आवाज पोकळ आणि मोठा आला म्हणजे जीभ रुंद चिकटली, बारीक आला म्हणजे फक्त टोक लागलं. शेवटी संपूर्ण जीभ टाळ्याला चोखून धरा आणि सुटू न देता तोंड उघडा-मिटा, दहा वेळा. मान, हनुवटी आणि खांदे ढिले राहिले पाहिजेत. ते आखडत असतील तर संख्या कमी करा, चुकीची हालचाल घोटून काही उपयोग नाही.

थेरपिस्ट निवडताना बीएएसएलपी ही वाचा-श्रवण उपचारांची पदवी किंवा त्यावरची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा.

शस्त्रक्रिया

चार-सहा आठवड्यांनी टक्केवारी फारशी हलली नाही आणि रोजच्या कामात ठरावीक अडचण कायम असेल, तर पुढचं पाऊल. नाशिकमध्ये पंचवटीतल्या महात्मा गांधी विद्यामंदिराच्या दंत महाविद्यालयात ओरल सर्जरी किंवा हिरड्यांच्या विभागात दाखवता येतं. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग गाठावा. जाताना मापांचा कागद, रेकॉर्डिंग आणि चालू औषधांची यादी घेऊन जा. बाह्यरुग्ण विभागात मिळणाऱ्या थोड्या वेळात याने निम्मं काम होतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा आणि स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. बहुधा रक्ताच्या साध्या तपासण्या, साखर आणि रक्तदाब पाहिला जातो. साखर आटोक्यात नसेल तर जखम रखडते, आधी ती खाली आणा.

पारदर्शक पापुद्र्यासारखी पट्टी असेल तर नुसता छेद पुरतो. मोठ्या माणसात ती बहुधा जाड आणि चिवट असते. तिथे नुसत्या छेदाने महिन्याभरात व्रण आखडून जीभ पुन्हा ओढली जाण्याचा धोका राहतो. म्हणून पट्टी सोडवून जखम उभी शिवतात, किंवा झेड-प्लास्टी म्हणजे तिरके छेद घेऊन कातड्याचे दोन त्रिकोण अदलाबदल करून शिवतात, त्याने लांबी वाढते. खुर्चीत बसूनच, भूल फक्त तेवढ्या जागी. बहुधा २ टक्के लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात १:८०,००० अ‍ॅड्रेनालिन, त्याने रक्त कमी येतं. वीस ते तीस मिनिटं लागतात. टाके ४-० किंवा ५-० जाडीच्या विरघळणाऱ्या धाग्याचे.

लेझर की कात्री, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. लेझरने रक्त कमी येतं, काम स्वच्छ दिसतं. पण लांबच्या परिणामात तो कात्रीपेक्षा सरस आहे असं म्हणता येत नाही, आणि जास्त वेळ एका जागी धरला तर खालच्या मांसाला चटका बसतो. त्यापेक्षा हे विचारा: मोठ्या माणसांच्या किती केल्या आहेत? टाके घालणार की जखम उघडी ठेवणार, आणि का? लाळेच्या नलिका कशा सांभाळता? मधे थांबून मला जीभ उचलायला सांगणार का? शेवटचा प्रश्न फार मोलाचा. मोठा माणूस जागा असतो, सांगितलं की जीभ उंचवट्याला लावून दाखवू शकतो. चांगला सर्जन तेवढं साधलं की थांबतो, त्याहून खोल जात नाही. "आधी व्यायाम कशाला, आजच कापून टाकू" म्हणणाऱ्याकडे दुसरं मत घेतल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

होऊ शकणारे त्रास समजून घ्या. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टोकाला काही काळ बधिरपणा, लाळेची नलिका दुखावली तर जेवताना जिभेखाली येणारी सूज, लाळेचा फुगा, आणि व्रण आखडणं. बहुतेकांना यातलं काही होत नाही, पण सही करण्याआधी विचारायचा हक्क तुमचा आहे.

नंतरचे सहा आठवडे

भूल उतरायला दोन-तीन तास लागतात, तोवर खाऊ नका, बधिर जीभ चावली जाते. पहिल्या दिवशी थंड ताक, दूध, गार केलेली नागलीची आंबील. बर्फाचा खडा चोखता येतो. दुसऱ्या दिवसापासून मऊ खिचडी, वरण-भात, कोमट. मिसळ, चिवडा, आंबट द्राक्षं आणि लिंबू किमान दहा दिवस बंद. तंबाखू, सिगारेट आणि दारू निदान दोन आठवडे अजिबात नको, जखम फाटण्याचं आणि रखडण्याचं नेहमीचं कारण तेच.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. यकृताचा आजार असेल तर विचारूनच. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर तोंडात घोळवा, जोराने चूळ भरू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त वाटते, मग उतरते. जखमेवर पांढरा-पिवळसर थर येतो. तो पू नाही, भरणाऱ्या जखमेचं झाकण आहे. खरवडून काढू नका, दहा-बारा दिवसांत आपोआप जातो. टाके एक ते तीन आठवड्यांत गळतात.

थोडं रक्त लाळेत मिसळून गुलाबी दिसणं चालतं. ताजं रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी जिभेखाली, जखमेवर ठेवून १५ मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही तर रुग्णालय. जिभेखालचा भाग झपाट्याने फुगून जीभ वर ढकलली जात असेल, गिळता येत नसेल किंवा श्वासाला अडथळा वाटत असेल तर रात्री दोन वाजले तरी थेट तातडीच्या विभागात जा. दुर्गंधीसह पू आणि ताप आला तर दुसऱ्या दिवशीची वाट पाहू नका.

व्यायाम पुन्हा कधी सुरू करायचे ते टाक्यांवर अवलंबून आहे, सर्जनचा शब्द शेवटचा. साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हलक्या हालचाली, आठवड्याने आधीचे सगळे व्यायाम. पहिल्याच दिवशी जोर लावला तर टाके उसवतात. पण दुखतं म्हणून दोन आठवडे जीभ खाली ठेवली तर ती तशीच भरून येते, आणि हेच जास्त वेळा होतं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात जीभ पुन्हा आखडल्यासारखी वाटते. तिथे अनेकजण "परत चिकटली" म्हणून घाबरतात आणि व्यायाम सोडतात. नेमकं तेव्हाच सोडायचं नसतं, व्रण आकसतो तो याच काळात.

उच्चारांचं काम जखम भरल्यावर सुरू होतं आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. क्रम महत्त्वाचा: आधी त, द, न, मग ल, नंतर ट, ड, पुढे ण आणि ळ, सर्वांत शेवटी र. प्रत्येक अक्षर आधी सुटं, मग 'आळा-ईळी-ऊळू' सारखं स्वरांमध्ये, मग शब्दात, मग वाक्यात आणि शेवटी घाईच्या बोलण्यात. पायरी गाळली की वर्गात जमलेला 'ळ' फोनवर बोलताना पुन्हा 'ल' होतो.

दर पंधरा दिवसांनी तीच मोजपट्टी घेऊन तेच माप लिहून ठेवा. तीन महिन्यांनंतरही टक्केवारी शस्त्रक्रियेआधीच्या आकड्याच्या आसपासच असेल आणि व्यायाम खरोखर झाले असतील, तरच दुसऱ्यांदा सोडवण्याचा विचार करावा. त्याआधी व्रण मऊ होत असतो, तेव्हा पुन्हा कापलं तर आणखी व्रण होतो.